‘जनावरं वाढलीत’ म्हणताना नेमकी कोणती?

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या जाधवनगरात बिबट्या शिरला, एका गवंड्यावर झेपावला आणि गोल्फ मैदानाच्या झाडीत दिसेनासा झाला. आसपासच्या बावीस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ड्रोन फिरले, पिंजरे लागले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू तळावरून हत्ती आणले गेले. बिबट्या काही सापडला नाही, पण त्या दिवसांत पेटलेला एक वाद आमच्या भागात अजून विझलेला नाही. खानापूर तालुक्यात हत्ती भातात शिरला, अस्वलाने कुणाला फाडलं, चंदगडात गव्यांनी ऊस तुडवला, की तोच वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, जनावरं फार वाढलीत, आता गोळी घालायची मुभा द्या. दुसरी बाजू, बहुतेक वेळा शहरातली, म्हणते, तुम्हीच त्यांच्या जंगलात घुसलात, मग तक्रार कशाला करता? चहाच्या टपरीवर, एसटीत, ग्रामसभेत आणि मोबाइलवर हीच दोन वाक्यं वर्षानुवर्षं एकमेकांवर आदळताहेत आणि दोन्हींतून काहीच निष्पन्न होत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. दोन्ही बाजू ‘जनावर’ हा एकच शब्द घेऊन भांडतात आणि वाद तिथेच नासतो. शिवारात येणारी बहुतेक जनावरं माणसाच्या शेजारात निभावून नेणारी आहेत. जी खरोखर संपत चालली आहेत त्यांतली बहुतेक शिवारात येतच नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी तक्रारही नाही आणि चर्चाही नाही. दिसणाऱ्या रानडुकरावरून न दिसणाऱ्या कोळसुनाचा, म्हणजे रानकुत्र्याचा, निकाल लावणं हा शुद्ध चुकीचा हिशेब आहे. आणि दुसरं, शेतकऱ्याचं नुकसान आणि प्राण्यांचं नामशेष होणं हे एकमेकांविरुद्ध उभे करायचे प्रश्न नाहीत. तुकडे तुकडे झालेल्या जंगलातूनच दोन्ही उभे राहतात.

आधी विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते मी घरात पाहिलं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात रताळी लावतात. डुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर उकरून टाकतो, आणि खातो त्यापेक्षा नासधूस जास्त करतो. वडील सुगीच्या दिवसांत माळ्यावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा बडवत, पहाटे खाली उतरून पुन्हा भाताच्या कामाला लागत. एका वर्षी नुकसानीचा अर्ज केला. अर्ज कन्नडमध्ये होता आणि वडिलांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. तो लिहून देणाऱ्याला पैसे मोजले, उताऱ्यासाठी हेलपाटे घातले, पंचनाम्याची वाट पाहताना उकरलेल्या सऱ्या तशाच राखून ठेवाव्या लागल्या. रक्कम हाती आली तेव्हा पुढच्या वर्षीची रताळी निघून गेली होती. ज्याच्या ताटातला घास गेला त्याला जगातल्या सस्तन प्राण्यांचे आकडे ऐकवू नयेत, निदान त्याची भरपाई होईपर्यंत तरी नाही. शहरातून ‘तुम्हीच घुसलात’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की भीमगडच्या रानातली गवाळी, पास्टोली, कोंगळा, तळेवाडी, आमगाव ही गावं अभयारण्य जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. अभयारण्य झालं २०११ साली. मग घुसलं कोण?

दुसरी कबुली आकड्यांची. काही प्राणी खरोखरच वाढले आहेत. देशात २००६ च्या मोजणीत १,४११ वाघ होते, २०२२ च्या मोजणीत अंदाज ३,६८२ वर गेला. मोजण्याची पद्धत मधल्या काळात सुधारली हे धरूनही ही वाढ खोटी नाही. बिबट्यांचा २०२२ चा अंदाज १३,८७४ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, त्याचं हे फळ आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. म्हणजे ‘जनावरं वाढलीत’ म्हणणारा सरसकट खोटं बोलत नाही. त्याच्या डोळ्यांवर माझा अविश्वास नाही, त्याच्या बेरजेवर आहे.

कारण बिबट्या कशावर जगतो ते पाहा. गावची कुत्री, शेरडं, उकिरड्यावरची डुकरं त्याला पुरतात. उसाचा फड त्याला रानासारखाच वाटतो, पिल्लं तिथेच जन्मतात. रानडुक्कर एका वेतात अनेक पिलं देतं आणि मुळापासून मक्यापर्यंत काहीही खातं. माकडांना देवळाचा नारळ आणि पर्यटकांचा खाऊ मिळतो. आपण रान मोडून जे उभं केलं, त्यात या तिघांना जागा सापडली. आता कोळसून घ्या, ज्याला कुणी कोळशिंदा म्हणतं, कुणी नुसतं रानकुत्रं. ते कळपाने राहतं, दिवसाउजेडी हरणं-भेकरं मारून जगतं, त्याला सलग रान लागतं. ते उसात राहत नाही. जगभरात त्याची प्रौढ, वीण करणारी संख्या हजार ते बावीसशेच्या दरम्यान असावी असा अंदाज आहे, म्हणजे एकट्या भारतातल्या वाघांहूनही कमी. वाघाच्या नावाने प्रकल्प आहेत, दिवस साजरे होतात. कोळसुनाला इंग्रजी अमलात उपद्रवी ठरवून मारणाऱ्याला बक्षीस दिलं जाई, आणि ते क्रूर, हाल करून मारणारं जनावर आहे ही शिकाऱ्यांनी पसरवलेली बदनामी आजही आमच्या बोलण्यात टिकून आहे. बक्षीस बंद झालं, नाव बद्दूच राहिलं. त्याच्या वाटेला गावची मोकाट कुत्री येतात आणि सोबत रोग आणतात. एक आजारी कुत्रं सगळ्या कळपाला पुरतं.

खवल्या मांजराने कुणाचं भात खाल्लं? कुणाची शेरडी उचलली? ते मुंग्या आणि वाळवी खातं, रात्री हिंडतं, दिवसा बिळात झोपतं. संकट आलं की अंगाचं वेटोळं करतं. वाघाच्या सुळ्यांना ते वेटोळं दाद देत नाही, माणसाच्या हाताला मात्र ते पडलेल्या नारळासारखं सहज उचलता येतं. आपल्या नखांत जो पदार्थ असतो त्याचीच ती खवलं, तरी औषध म्हणून परदेशात त्यांना भाव आहे. २०१६ मध्ये सर्व देशांनी मिळून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली, २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून ही खवलं वगळली, आणि तरीही पश्चिम घाटातून खवलं पकडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. मादी साधारणपणे एका वेळी एकच पिल्लू देते. डुकराच्या वेगाने मारलं आणि खवल्या मांजराच्या वेगाने वाढायचं ठरवलं तर काय उरेल?

जिल्ह्याच्या पूर्वेला गेलं की रान संपून माळ लागतो. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्तीकडच्या धनगरांना लांडगा चांगला ठाऊक असतो. मेंढरू गेलं तरी ‘त्याचाही वाटा असतो’ म्हणणारी म्हातारी माणसं मला भेटली आहेत. भारतात लांडगे साधारण तीन हजार उरले असावेत, म्हणजे वाघांच्याच आसपास. पण वाघ रानात राहतो आणि रानाला कायदा आहे. लांडगा माळावर राहतो आणि माळाला सरकारी दप्तरात नाव आहे ‘पडीक’. ज्या जमिनीला आपण पडीक म्हटलं तिथे कालवा नेऊन ऊस लावला, पवनचक्क्या उभ्या केल्या, सौर पट्ट्या मांडल्या, की कुणाचं काही गेलं असं वाटतच नाही. पवनचक्कीला माझा विरोध नाही, वीज आम्हालाही हवी. पण जिथे लांडगीण पिल्लं घालते, काळवीट चरतो, धनगराची मेंढरं पोसतात, ती जमीन रिकामी कशी? एक शब्द चुकीचा लिहिला की एक प्राणी कागदावरून आधी जातो आणि जमिनीवरून नंतर.

सगळ्यात शांतपणे जगणारा आमचा शेजारी तर बहुतेकांना माहीतही नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. त्यात मुंबई इलाख्यातला वन अधिकारी रॉटन याचं नाव गुंफलेलं आहे. त्यानंतर कितीतरी दशकं अख्ख्या जगात त्याचा एवढा एकच ठिकाणा माहीत होता, खानापूर तालुक्यातली ही एक गुहा. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं, तेही मोजक्याच जागी. याला वाचवायला हजारो एकर लागत नाहीत. त्या गुहेत धूर करू नये, बॅटऱ्या घेऊन टोळक्यांनी शिरू नये, आसपास सुरुंग लावू नयेत, एवढंच. आणि नेमकं म्हणूनच ते सहज जाऊ शकतं. वटवाघूळ संपलं तर कुणाच्या शिवारात काय कमी होईल, असं कुणी विचारेल. रात्रभर किडे खाणाऱ्या वटवाघळांचं शेताशी नातं आहेच. पण नसतं तरी मी हेच लिहिलं असतं. जगाने आमच्या तालुक्याच्या हवाली केलेली ही एक गोष्ट आहे, आणि ती सांभाळली नाही याचा जाब आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही.

दिसतंय म्हणजे आहे, या समजुतीने काय होतं हे पाहायला लांब जायला नको. निपाणीच्या पलीकडे कोल्हापूर. त्या संस्थानात चित्ते पाळले जात, त्यांना शिकवणारे चित्तेपारधी होते, बैलगाडीतून चित्ता माळावर नेत, डोळ्यांवरची टोपी काढत आणि तो काळविटाच्या मागे सुटे. लोक तो खेळ पाहायला जमत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूरकरांना विचारलं असतं की चित्ता संपत आलाय का, तर ते हसले असते. समोर तर चित्ता आहे! पण त्यांतले कितीतरी आफ्रिकेतून विकत आणलेले होते, कारण हिंदुस्थानच्या माळांवर पकडायला चित्ते मिळेनासे झाले होते. शतकानुशतकं मोगल दरबारापासून संस्थानांपर्यंत चित्ते जिवंत पकडून पाळले गेले. पाळलेला चित्ता विणत नसे, बंदिवासातल्या विणीची एकच नोंद सापडते, ती जहांगिराच्या काळातली. म्हणजे चित्तेखान्यातला प्रत्येक चित्ता माळावरून एक वजा होता, आणि तो चित्तेखान्यात दिसत होता म्हणून माळावरची वजाबाकी कुणाला दिसत नव्हती. १९४७ साली सरगुज्याकडच्या कोरिया संस्थानात तीन चित्ते एका रात्री मारले गेले, १९५२ मध्ये सरकारने चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. आपण त्या तीन गोळ्यांना दोष देतो. चित्ता त्या रात्री संपला नाही. त्याचे माळ नांगराखाली गेले, काळविटं मारली गेली, पिल्लं पकडली गेली, तेव्हा तो संपला. गोळ्या झाडल्या तेव्हा फक्त खातं बंद झालं. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणावे लागले. कोळसुनाच्या बाबतीत आपण आज त्या हिशेबाच्या कुठल्या ओळीवर आहोत?

यावर एक उत्तर हमखास येतं. प्राणी पूर्वीही संपत होते, डायनासोर काय माणसाने मारले? प्रश्न रास्त आहे. पण मरण नैसर्गिक आहे म्हणून खून नैसर्गिक ठरत नाही. बेरिंग समुद्रातली प्रचंड समुद्रगाय युरोपीय खलाशांना १७४१ मध्ये दिसली आणि १७६८ पर्यंत मारून संपवली गेली. सत्तावीस वर्षं! निसर्ग या वेगाने काम करत नाही. आज पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं एकत्र वजन केलं तर सुमारे ६० टक्के आपली गुरंढोरं, ३६ टक्के आपण माणसं, आणि हत्तीपासून देवमाशापर्यंत सगळे रानटी प्राणी मिळून उरलेले ४ टक्के भरतात, असा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. ‘जनावरं वाढलीत’ हे वाक्य या तराजूपुढे ठेवून पाहावं. जनावरं वाढलीत खरी, पण ती गोठ्यातली.

आता रानाच्या तुकड्यांविषयी, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला एक रेघ ओढली गेली आणि नातीगोती दोन राज्यांत वाटली गेली. तरी सोयरीक थांबली नाही. चंदगडची लेक खानापुरात नांदते, खानापूरची बेळगुंदीत, बेळगावची निपाणीत. समजा ती रेघ नुसती कागदावर न राहता भिंत झाली असती आणि प्रत्येक गावाला आपापल्या भावकीतच लग्नं लावावी लागली असती. चार-पाच पिढ्यांत काय झालं असतं? आपल्या पूर्वजांनी भावकीत लग्न निषिद्ध ठरवलं ते उगाच नाही. वाघाला, गव्याला, हत्तीला हाच नियम लागू आहे. भीमगडच्या रानाला दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, उत्तरेला चंदगड, तिलारी, राधानगरी आणि पुढे चांदोली-कोयना अशी साखळी जोडलेली आहे. २०१८ मध्ये चांदोली-कोयनेच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्याने टिपलेला एक वाघ २०२० मध्ये काळीच्या रानात सापडला, अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली. दोनशे किलोमीटरहून लांब वाट तो चालून गेला, तीही आपल्या गावांच्या कुशीतून, आणि कुणाला पत्ता लागला नाही. ही त्याची सोयरिकीची वाट. ती अरुंद होत गेली म्हणूनच सह्याद्रीत २०२५ पासून ताडोब्याकडच्या वाघिणी गाडीतून आणून सोडाव्या लागताहेत. त्या प्रयत्नाला माझ्या शुभेच्छाच आहेत. पण पुढच्या पिढीच्या वाघिणीही गाडीतूनच आणणार का?

ही साखळी तुटते ती बंदुकीने नाही. बेळगाव-खानापूर-लोंढा-अनमोड रस्ता रुंद होतो. लोंढा-कॅसलरॉक-कुळे रुळांवर गाड्या वाढतात. उच्च दाबाच्या वीजवाहिनीसाठी पट्टा मोकळा केला जातो. म्हादई नदीच्या पाण्यावर तीन राज्यं वकील उभे करतात, टीएमसीचे हिस्से ठरतात, आणि ज्या रानातून ते पाणी झिरपतं त्याचा हिस्सा मागायला त्या दालनात कुणी नसतं. एकेक काम वेगळं पाहिलं तर प्रत्येकाला कारण आहे. पण शेकरूला विचारा. तो झाडावरून झाडावर जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही. वर मिटलेल्या फांद्या एकदा तुटल्या की चौपदरी रस्त्याच्या दोन बाजू त्याच्यासाठी दोन देश होतात. डुकराला धरण्यासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या आणि अस्वल अडकतं. पिकाभोवती चोरून सोडलेला वीजप्रवाह हत्तीला मारतो, कधी शेजारच्या शेतकऱ्यालाही. पिठाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब कुणाच्या तोंडात फुटेल याचा नेम नसतो. यांतल्या कुणालाही प्राणी नामशेष करायचा नव्हता. नामशेष करणं हे कुणाच्या मनात असावंच लागत नाही.

रस्त्याच्या बाजूने सर्वांत जोरदार मुद्दा आमगावचा आहे. २०२४ च्या पावसाळ्यात तिथल्या एका आजारी बाईला लोकांनी खांद्यावरून चिखल तुडवत काही किलोमीटर वाहून आणलं. ते दृश्य पाहून ‘जंगलापायी माणसं मारता का’ असं कुणी विचारलं तर मी त्याच्यापुढे मान खाली घालीन. पण मग नीट पाहू. आमगावला ज्या रस्त्याची, पुलाची, रुग्णवाहिकेची गरज आहे तो गोव्याला शनिवार-रविवारी सुसाट जाणाऱ्या मोटारींचा चौपदरी रस्ता नव्हे. दोन्हींना ‘विकास’ हे एकच नाव दिल्याने एकाच्या दुःखावर दुसऱ्याचं कंत्राट मंजूर होतं. आमगावला बारमाही वाट द्या, किंवा ज्यांना मनापासून बाहेर यायचं आहे त्यांना जमीन, घर आणि पैसा हातात देऊन बाहेर आणा, ज्यांना राहायचं आहे त्यांच्यावर जबरदस्ती नको. आणि मोठ्या रस्त्याचं काय करायचं ते याच कर्नाटकाने दाखवून दिलं आहे. बंडीपूरच्या रानातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, रुग्णवाहिका आणि ठरावीक बस तेवढ्या जातात. त्याने म्हैसूरचा व्यापार बुडाला नाही. महाराष्ट्रात पेंचच्या रानातून जाणारा महामार्ग नऊ ठिकाणी उचलून खालून वाट सोडली, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्री त्या वाटेने जाताना दिसली. हे अनमोडच्या वाटेवर का होऊ नये? खर्च वाढतो म्हणून? मग तो खर्च आज कोण भरतंय? गवा धडकून मोटारसायकलवरून पडणारा, आणि माळ्यावर रात्र जागवणारा.

पकडून दुसरीकडे सोडा, ही मागणीही नेहमीची. २००२ च्या सुमारास दांडेलीकडचे हत्ती सिंधुदुर्गात उतरले, पुढे चंदगड-आजऱ्याकडेही येऊ लागले. महाराष्ट्रातल्या बातम्यांत ते अजूनही ‘कर्नाटकातले हत्ती’ असतात, जणू त्यांच्याकडे तिकडचं रेशनकार्ड आहे. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात तीन हत्ती पकडले, त्यातले दोन बंदिवासात मेले. तरी हत्तींचं येणं थांबलं नाही, कारण वाट तीच आणि मागचं रान तसंच चिरलेलं. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये भरकटलेला गवा माणसांच्या गर्दीत धावून धावून, पकडताच मेला. आणि प्राणिसंग्रहालयात ठेवून जात टिकवू म्हणणाऱ्यांनी आमच्या बेळगावजवळच्या भुतरामनहट्टी प्राणिसंग्रहालयातलं २०२५ चं नोव्हेंबर आठवावं. गुरांना होतो तो घटसर्प तिथल्या काळविटांत शिरला आणि काही दिवसांत तीसच्या आसपास काळविटं गेली. सगळी जात एका कुंपणात ठेवली की एक रोग पुरतो.

आपली संस्कृती मुळातच प्राण्यांवर माया करणारी, असंही सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. देवराया आम्ही राखल्या, वाघोबाला नारळ फोडतो. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातला नेली तेव्हा शिरोळ-कोल्हापूरपासून निपाणी-चिक्कोडीपर्यंत माणसं रडली, रस्त्यावर उतरली. त्या प्रेमाला मी हसणार नाही. ते खरं होतं. माझं मागणं एवढंच आहे की त्या मायेचा शंभरावा हिस्सा तरी खानापूरच्या रानातल्या त्या हत्तिणीच्या वाट्याला यावा जिला कुणी नाव दिलेलं नाही, आणि जी रात्री पिल्लू घेऊन उसातून जाते तेव्हा आपण तिच्यावर सुतळी बॉम्ब फेकतो. चित्त्यालाही आपण मोत्यांचे पट्टे बांधले होते.

भरपाईचा प्रश्न मी शेतकऱ्याच्या कळवळ्याने मांडतो, तसा जंगलाच्या कळवळ्यानेही मांडतो. जानेवारी २०२० मध्ये आमच्या डोंगरापलीकडे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. वाघिणीने गुरं मारली होती, मेलेल्या गुरावर विष घातलं गेलं. विष घालणाऱ्याचं समर्थन मी करत नाही. पण एका जनावराच्या किमतीवरून चार वाघ गेले, आणि ती किंमत वेळेवर, सन्मानाने, मालकाच्या भाषेत त्याच्या हाती पडली असती तर काय झालं असतं हा विचार मला सोडत नाही. वाघ वाचला तर पाणी साऱ्या कर्नाटकाला आणि गोव्याला मिळणार, अभिमान साऱ्या देशाला, आणि गाय फक्त एकाची जाणार. या वाटणीला न्याय म्हणता येणार नाही. ती जोवर अशी आहे तोवर रानाच्या कडेला राहणारा माणूस रानाचा राखणदार होणार नाही, आणि त्याच्यावाचून दुसरा राखणदार येणार कुठून?

येत्या ग्रामसभेसाठी मी एक कागद लिहून ठेवला आहे, एका बाजूला मराठीत आणि पाठीमागे कन्नडमध्ये. नुकसानीचा अर्ज मराठीतही घ्यावा आणि रक्कम तीस दिवसांत खात्यावर यावी. राखणीसाठी सौर कुंपणाला अनुदान मिळावं. शिवारातल्या लोंबत्या विजेच्या तारा उंच कराव्यात आणि चोरून तार सोडणाऱ्याची गय करू नये. लोंढ्यापुढच्या रानातून रात्रीची जड वाहतूक थांबवावी. बारापेडे गुहेत विणीच्या दिवसांत कुणालाही सोडू नये. गेल्या वेळी एकाने सुचवलं की पहिल्या तीन मागण्या शेतकऱ्यांच्या आहेत, शेवटच्या दोन जंगलाच्या, तेव्हा दोन वेगळे अर्ज करू, म्हणजे एक तरी मंजूर होईल. मी कागद फाडून दोन केला नाही. पाचही मागण्यांखाली वडिलांनी पहिली सही केली आहे.